यूकॉनने बिग ईस्ट सोडून बिग १२ मध्ये जावं का?

हार्टफर्डकर

दर एक-दोन वर्षांनी आमच्या कनेक्टिकटमध्ये आवई उठते की यूकॉन, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कनेक्टिकट, बिग ईस्ट सोडून बिग १२ मध्ये चाललं. आठवडाभर रेडिओवर कलकलाट, मग सगळं थंड. २०२४ मध्ये मात्र नुसती आवई नव्हती. बिग १२ चे आयुक्त ब्रेट यॉरमार्क यांना यूकॉन हवंच होतं. बाकी सगळे खेळ २०२६ मध्ये घ्यायचे आणि फुटबॉल २०३१ मध्ये, इथपर्यंत प्रस्ताव आला होता. सप्टेंबरात बिग १२ मधल्या विद्यापीठांनी हात आखडता घेतला आणि बोलणी थांबली. थांबली, मोडली नाहीत, असं इथले लोक धरून चालतात. म्हणून हा धागा.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी: बिग ईस्ट, बिग १२ या कॉन्फरन्स आहेत. कॉन्फरन्स म्हणजे आपापसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. वेळापत्रक गटाचं, विजेतेपद गटाचं, आणि टीव्हीचे हक्कही गटाने एकगठ्ठा विकायचे आणि पैसे वाटून घ्यायचे. फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकन फुटबॉल.

यूकॉनचं दुखणं असं की ते ज्यात अव्वल आहे त्याला बाजारात भाव कमी, आणि ज्याला भाव आहे त्यात ते यथातथाच. बास्केटबॉलमध्ये पुरुषांची ६ राष्ट्रीय विजेतेपदं, महिलांची १२. पण टीव्हीवाले पैसे मोजतात ते मुख्यतः फुटबॉलसाठी. २०१३ मध्ये जुनी बिग ईस्ट याच भांडणात फुटली. जॉर्जटाउन, व्हिलानोव्हा, सेंट जॉन्स, प्रॉव्हिडन्स वगैरे सात कॅथलिक विद्यापीठं, जी वरच्या पातळीवर फुटबॉल खेळतच नाहीत, बिग ईस्ट हे नाव आणि न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली बास्केटबॉल स्पर्धा घेऊन वेगळी झाली. यूकॉन फुटबॉलच्या आशेने उरलेल्यांबरोबर राहिलं. त्या गटाचं नाव पडलं अमेरिकन अॅथलेटिक कॉन्फरन्स. मग टल्सा, ईस्ट कॅरोलायना, तुलेन यांच्याशी सामने. ज्यांच्याशी ना वैर ना ओळख, त्यांच्याविरुद्ध मंगळवारी रात्री बर्फात कोण जाणार बघायला? २०१९ मध्ये त्या गटाने ईएसपीएन या खेळाच्या वाहिनीशी १२ वर्षांचा १०० कोटी डॉलरचा करार केला, त्यात बरेच सामने पैसे भरून बघायच्या अॅपवर गेले, आणि इथल्या लोकांचं टाळकं सरकलं. विद्यापीठाने १ कोटी ७० लाख डॉलर भरून सुटका करून घेतली आणि २०२० मध्ये बिग ईस्टमध्ये परत आलं. फुटबॉल अपक्ष, म्हणजे कुठल्याच गटात नाही.

परत आल्यापासून पुरुष संघ २०२३ आणि २०२४, लागोपाठ दोनदा राष्ट्रीय विजेता. महिला २०२५ मध्ये. माझं मत सरळ आहे: जाऊ नये. निदान आत्ता नाही. तुम्हाला काय वाटतं?

निवांत

पुण्यात बसून वाचतोय. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा विभागवार असतात, पश्चिम विभाग, दक्षिण विभाग. विद्यापीठ नकाशावर जिथे आहे तिथेच खेळतं, कुणी उठून "आम्ही आता दक्षिण विभागात" म्हणत नाही. तुमच्याकडे पूर्व किनाऱ्यावरचं कॉलेज अॅरिझोनाच्या गटात कसं काय?

हार्टफर्डकर

@निवांत, कारण आपल्याकडच्या त्या सामन्यांना टीव्ही नाही. इथेही पूर्वी गट भूगोलावरच होते. आता नावाला बिग १२ असली तरी तिच्यात १६ विद्यापीठं आहेत आणि ती फ्लॉरिडापासून युटा-अॅरिझोनापर्यंत पसरलीयत. आम्हाला त्यातलं सर्वांत जवळचं वेस्ट व्हर्जिनिया, मॉर्गनटाउनला. तेही गाडीने जवळजवळ दिवसभराचं काम.

शनिवारचा_फुटबॉल

धागाकर्ते बास्केटबॉलवाले दिसतात :) मी दुसरी बाजू मांडतो, कारण ईस्ट हार्टफर्डच्या स्टेडियमवर मी नोव्हेंबरात बसलोय. जागा प्रॅट अँड व्हिटनीच्या जुन्या धावपट्टीची, चारी बाजूंनी मोकळं, अॅल्युमिनियमचे बाक, दोन पायजमे घातले तरी थंडी बुडाखालून वर येते. आणि समोर ४० टक्के खुर्च्या रिकाम्या. तरी लोक येतात हो.

आणि आता संघ वाईटही राहिलेला नाही. प्रशिक्षक जिम मोरांच्या हाताखाली २०२४ मध्ये ९ विजय, बोस्टनच्या फेनवे मैदानावर हंगामानंतरच्या मानाच्या (बोल) सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाला हरवलं. २०२५ मध्ये ९-३ (९ विजय, ३ पराभव), तिन्ही पराभव जादा वेळेत. ड्यूकला हरवलं, त्याच ड्यूकने पुढे एसीसी या कॉन्फरन्सचं विजेतेपद मारलं! एवढं करून मिळालं काय? राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफमध्ये कॉन्फरन्स विजेत्यांना राखीव जागा असतात. अपक्षाला कॉन्फरन्सच नाही, मग विजेतेपद कुठलं. हंगाम संपायच्या सुमारास मोरा कोलोराडो स्टेटला गेले, जे २०२६ पासून नव्या पॅक-१२ या पश्चिमेकडच्या कॉन्फरन्समध्ये खेळणार. का गेले ते त्यांनाच माहीत, पण प्रशिक्षकाने कुठल्या दिशेला तोंड केलं ते बघा.

वरच्या पातळीवर आता अपक्ष दोनच उरलेत, नोटर डेम आणि आम्ही. मॅसॅच्युसेट्ससुद्धा २०२५ मध्ये मॅकमध्ये (मिड-अमेरिकन कॉन्फरन्स) गेलं. नोटर डेमला १९९१ पासून एनबीसी घरचे सामने दाखवतंय, त्यांना परवडतं. आपण कशाच्या जोरावर ताठ उभे आहोत?

आकडेमोड

भावनेचं राहू द्या, हिशेब मांडतो.

बिग १२ चा ईएसपीएन आणि फॉक्सशी करार ६ वर्षांचा, २२८ कोटी डॉलर. सरासरी प्रत्येक विद्यापीठाला वर्षाला ३ कोटी १७ लाख. बिग ईस्टमधल्या विद्यापीठाला त्याहून बरंच कमी मिळतं. २०१८-१९ मध्ये यूकॉनच्या क्रीडा विभागाची तूट ४ कोटी डॉलरच्या वर होती. ती भरते कोण? विद्यापीठ, म्हणजे फी भरणारी पोरं आणि आपण करदाते.

आणि हे सगळं नव्या खर्चाच्या आधीचं. २०२५ च्या जूनमध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंनी भरलेल्या 'हाउस' खटल्यातली तडजोड मंजूर केली, त्यामुळे आता विद्यापीठ खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर. बिग १२ वाला हे टीव्हीच्या पैशातून देईल. यूकॉन कुठून देणार? बास्केटबॉलचा संघ अव्वल ठेवायचा तरी पैसा लागणारच की. "आम्ही बास्केटबॉलसाठी इथे थांबतो" हे म्हणणं पुढच्या पाच वर्षांत बास्केटबॉललाच महागात पडेल.

स्टॉर्सची_आई

@आकडेमोड, हिशेबात प्रवास धरलात का?

लेक स्टॉर्सला, म्हणजे यूकॉनच्या गावी, शिकते (खेळाडू नाही, नुसती ओरडणारी). तिच्या मजल्यावरची मैत्रीण सॉफ्टबॉल खेळते. आत्ता प्रॉव्हिडन्सचा सामना असला तर सकाळी बसने जाऊन रात्री मेसमध्ये परत. बिग १२ मध्ये गेल्यावर तीच मुलगी गुरुवारी विमानात बसणार, ब्रॅडली विमानतळावरून युटाला थेट विमान मिळेल याचीही खात्री नाही, आणि सोमवारी केमिस्ट्रीची लॅब. फुटबॉलवाले वर्षात बारा सामने खेळतात, शनिवार धरून. बेसबॉल, सॉफ्टबॉल, व्हॉलीबॉल, सॉकरवाल्यांनी काय पाप केलंय?

आणि तूट आली की कात्री कुणावर चालते तेही पाहिलंय. २०२० मध्ये विद्यापीठाने चार खेळ बंद करायचं ठरवलं: पुरुषांचं जलतरण, टेनिस, क्रॉस कंट्री आणि महिलांचं रोइंग. रोइंगच्या मुली टायटल नाइनखाली (शिक्षणात स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी करणारा कायदा) कोर्टात गेल्या म्हणून त्यांचा संघ वाचला. फुटबॉल बंद करू असं मात्र कुणी म्हणालं नाही.

शनिवारचा_फुटबॉल

ताई, तो मुद्दा माझ्या बाजूचा आहे! पैसा नसला की छोटे खेळ जातात. पैसा कुठून येतो? फुटबॉलच्या कॉन्फरन्समधून.

एडिसनवाली

आमच्या न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाकडे बघा आणि मग ठरवा.

जुनी बिग ईस्ट फुटली तेव्हा रटगर्सला लॉटरी लागल्यासारखं झालं, २०१४ मध्ये थेट बिग टेन ही बडी कॉन्फरन्स. यूकॉनचे लोक तेव्हा आमच्यावर जळत होते. आता दहा वर्षं उलटून गेली. बिग टेनचा टीव्ही करार देशात सगळ्यात तगडा, आणि तरीही रटगर्सच्या क्रीडा विभागाची तूट वर्षाला ७ कोटी डॉलरच्या वर गेलेली आहे. का? कारण मिशिगन आणि ओहायो स्टेटच्या पंगतीला बसलं की पानही तसंच वाढावं लागतं. प्रशिक्षकाचा पगार, सरावाच्या इमारती, विमानं. मिळकत वाढली त्याहून खर्च वाढला. फुटबॉलमध्ये ओहायो स्टेटकडून मार खायचा तो खायचाच.

आकडेमोड, तुमच्या ३ कोटी १७ लाखांच्या समोर खर्चाचा रकाना रिकामा आहे.

आकडेमोड

@एडिसनवाली, मान्य, पण रटगर्सने खर्चाला ताळतंत्रच ठेवलं नाही हेही खरं. कॉन्फरन्सचा दोष आणि व्यवस्थापनाचा दोष वेगळा काढायला हवा. शिवाय बिग टेनमध्ये नसतं तर रटगर्सची तूट शून्य असती का? मुळीच नाही.

बर्कली_रिटर्न

पश्चिम किनाऱ्यावरची जुनी पॅक-१२ फुटली तेव्हा मी बे एरियात होतो, म्हणून दोन शब्द.

२०२२ च्या जूनअखेर यूसीएलए आणि यूएससी यांनी बिग टेन गाठायचं जाहीर केलं. त्यानंतर वर्षभर पॅक-१२ टीव्हीच्या नव्या करारामागे फिरत राहिली. शेवटी हातात आला अॅपलचा प्रस्ताव, जो वर्गणीदार किती मिळतील यावर लटकलेला. ४ ऑगस्ट २०२३ ला एकाच दिवसात पाच विद्यापीठं गेली: ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, अॅरिझोना, अॅरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ मध्ये. शंभरी गाठलेली संस्था दिवसभरात खलास.

कॅल (म्हणजे बर्कली) आणि स्टॅनफर्ड यांना मग एसीसीने घेतलं. हो, अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स. पॅसिफिकच्या काठावरची दोन विद्यापीठं. आणि कुठल्या अटीवर? पहिली सात वर्षं टीव्हीच्या पैशातला ३० टक्केच वाटा. त्यांच्याबरोबर आलेल्या एसएमयूने तर नऊ वर्षं काहीच घेणार नाही असं कबूल केलं, कारण त्यांच्या डॅलसच्या धनाढ्य माजी विद्यार्थ्यांनी खिसे मोकळे केले. म्हणजे घाईत असलेला पाहुणा मिळेल त्या खोलीत राहतो. यूकॉनलाही बिग १२ पूर्ण वाटा देईल असं समजू नका. बीवाययू, सिनसिनाटी, ह्यूस्टन, यूसीएफ यांनाही सुरुवातीला कमीच मिळाला, आणि त्यांचं फुटबॉल बरं होतं.

निवांत

वाचतोय. यूसीएलए गेलं आणि बर्कली अडकलं, दोन्ही एकाच सरकारी विद्यापीठाच्या शाखा ना? भावकीत काही झालं नाही?

बर्कली_रिटर्न

झालं तर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने २०२४ मध्ये ठरवलं की यूसीएलएने बर्कलीला वर्षाला १ कोटी डॉलर द्यायचे. घटस्फोटाच्या पोटगीवरून लोकांनी त्याला 'कॅलिमनी' असं नाव ठेवलं.

जुना_हस्की

नव्वदच्या दशकात स्टॉर्सला एमएस केलं, त्यामुळे थोडा जुना इतिहास.

२००३ मध्ये मायामी आणि बोस्टन कॉलेज वगैरे बिग ईस्ट फोडून एसीसीत जायला निघाले तेव्हा कनेक्टिकट राज्याने चक्क खटला भरला. तेव्हाचे अॅटर्नी जनरल रिचर्ड ब्लूमेन्थल, आताचे सिनेटर. इतर विद्यापीठंही बरोबर होती. त्यातलं व्हर्जिनिया टेक खटल्यातून उठून स्वतःच एसीसीत जाऊन बसलं, हा भाग मला आजही आवडतो. पुढे तडजोड झाली, पण बोस्टन कॉलेजने डूख धरला. २०११ मध्ये एसीसीने सिराक्यूज आणि पिट्सबर्ग घेतले, यूकॉनला वगळलं. बोस्टन कॉलेजच्या तेव्हाच्या क्रीडा संचालकांनी बोस्टन ग्लोबला उघड सांगितलं की न्यू इंग्लंड हा आमचा इलाखा, यूकॉन आम्हाला नको होतं. नंतर माफी मागितली, पण बोललेलं परत जात नाही. २०१२ मध्ये मेरीलँड बाहेर पडलं, जागा रिकामी झाली, सगळ्यांना वाटलं आता यूकॉनच. घेतलं लुइव्हिलला. २०१६ मध्ये बिग १२ ने वाढ करायची म्हणून मुलाखती घेतल्या, त्यातही यूकॉन होतं, आणि ऑक्टोबरात त्यांनी कुणालाच घेतलं नाही. २०२४ चं वर आलंच आहे.

हे सगळं पाहिल्यावर आपण "जावं का" म्हणून वाद घालतोय, पण दार उघडतोय कोण?

अवांतर: फुटबॉलच्या हौसेची किंमत. १ जानेवारी २०११ ला यूकॉन फिएस्टा बोलला पोचलं, इतिहासातली सर्वांत मोठी मजल. करारानुसार १७,५०० तिकिटं विद्यापीठाच्या गळ्यात. अॅरिझोनापर्यंत जाणार कोण! बहुतेक पडून राहिली. सामना ओक्लाहोमाकडून ४८-२० हरलो आणि वर १५ लाख डॉलरच्या पुढे खोट.

स्टॉर्सची_आई

@जुना_हस्की, मस्त माहिती. लुइव्हिलचं नाव काढलं की आमच्याकडे अजून दात-ओठ खाल्ले जातात.

केळफूल

एक वेगळा मुद्दा, कारण सगळे पुरुषांच्या संघाबद्दल बोलताहेत. महिलांचा संघ अमेरिकन कॉन्फरन्समध्ये सात वर्षं होता. लीग आणि कॉन्फरन्स स्पर्धा मिळून १३९ सामने जिंकला, एकही हरला नाही. एकही! ऐकायला भारी, बघायला कंटाळवाणं. अर्ध्या तासात निकाल, मग दुसऱ्या फळीतल्या मुली. प्रशिक्षक जीनो ऑरिएमा १९८५ पासून तिथे आहेत, त्यांना मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत खरी टक्कर येईपर्यंत संघाची परीक्षाच व्हायची नाही.

आणि खरं सांगायचं तर बिग ईस्टमध्येही महिलांच्या बाजूला फार फरक पडलेला नाही. बिग १२ मध्ये बेलर, टीसीयू, आयोवा स्टेट, वेस्ट व्हर्जिनिया. महिलांचा संघ एवढाच विचार केला तर मी उद्या सामान बांधायला तयार आहे. "बास्केटबॉलसाठी बिग ईस्टच" हे वाक्य पुरुषांच्या संघाला धरून आहे.

हार्टफर्डकर

@केळफूल, हा मुद्दा खरंच डोक्यात आला नव्हता. पण ऑरिएमांनी कॉन्फरन्स तगडी नसली तरी बाहेरचे सामने साउथ कॅरोलायना, टेनेसी, यूएससीसारख्यांशी ठेवून काम भागवलंय. विजेतेपदं येताहेतच.

पुरुषांच्या बाबतीत मात्र गार्डनला तोड नाही. १९८३ पासून बिग ईस्टची स्पर्धा तिथे. २०११ मध्ये केंबा वॉकरच्या संघाने पाच दिवसांत पाच सामने जिंकून ती मारली आणि तिथून थेट राष्ट्रीय विजेतेपद. न्यू यॉर्कमध्ये नोकरी करणारे माजी विद्यार्थी ऑफिसातून टाय सैल करत चालत येतात. बिग १२ ची स्पर्धा कॅन्सस सिटीला. तिथे कोण चालत येणार?

उनाड

लोक टाय सैल करत आल्याने तूट भरत नाही. #जाजाजा

हार्टफर्डकर

@उनाड, तिकीट काढून येतात हो ते :)

बर्कली_रिटर्न

"बास्केटबॉलला कुणी विचारत नाही" हे इथे बरेच जण गृहीत धरताहेत. गोंझागा बघा. फुटबॉलचा संघच नाही, तरी नव्या पॅक-१२ ने २०२४ मध्ये आपणहून घेतलं, आणि फुटबॉलची आठ विद्यापीठं पुरी करायची बाकी होती तेव्हा घेतलं. यॉरमार्कही यूकॉनमागे लागले ते बास्केटबॉलसाठीच. त्यांच्या विद्यापीठांच्या अध्यक्षांना फुटबॉलचं ओझं नको होतं. म्हणजे यूकॉनची पत बास्केटबॉलवर उभी आहे आणि अडतं ते फुटबॉलपाशी.

शनिवारचा_फुटबॉल

मग फुटबॉल मॅकमध्ये किंवा अमेरिकनमध्ये ठेवा, बाकी खेळ बिग ईस्टमध्ये. मॅसॅच्युसेट्सने जवळजवळ सगळंच मॅकमध्ये नेलं, आपण नुसतं फुटबॉल न्यायचं.

जुना_हस्की

मॅकचे सामने नोव्हेंबरात मंगळवार-बुधवारी रात्री असतात, टीव्हीच्या सोयीने. त्या अॅल्युमिनियमच्या बाकांवर, मंगळवारी रात्री. आधी तुम्ही हो म्हणा.

शनिवारचा_फुटबॉल

शब्द मागे घेतो.

आकडेमोड

तारखांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही म्हणून मांडतो. बिग १२ चा करार २०३०-३१ पर्यंत. बिग ईस्टचा फॉक्स, एनबीसी आणि टीएनटीशी झालेला नवा करारही २०३०-३१ पर्यंत. बिग टेनचा त्याच्या एक वर्ष आधी संपतो. आणि एसीसीने फ्लॉरिडा स्टेट आणि क्लेमसनबरोबर मार्च २०२५ मध्ये जी तडजोड केली, त्यात बाहेर पडायची किंमत २०२५-२६ मध्ये साडेसोळा कोटी डॉलर, ती उतरत २०३०-३१ मध्ये साडेसात कोटींवर येते. म्हणजे सगळ्यांची कुलपं साधारण एकाच वेळी उघडणार.

तेव्हा एसीसीतून दोन-चार जण निघाले तर जागा होईल आणि ती न्यू इंग्लंडच्या जवळची असेल. सिराक्यूज, पिट्सबर्ग, बोस्टन कॉलेज. या हिशेबाने मी धागाकर्त्यांशी अर्धा सहमत आहे: आत्ता कमी वाट्यावर बिग १२ मध्ये घुसणं म्हणजे २०३१ च्या बाजारात आधीच बांधलेलं असणं.

एडिसनवाली

बोस्टन कॉलेजबरोबर एका गटात? जुन्या हस्कीकाकांना विचारा आधी.

जुना_हस्की

काकांची हरकत नाही. काकांना त्यांना वर्षातून दोनदा हरवायचंय.

आकडेमोड

माझी अट मात्र एक. थांबायचं तर फुटबॉल जिंकत ठेवूनच थांबावं लागेल, आणि अपक्ष राहून, नवा प्रशिक्षक जेसन कँडल यांच्या हाताखाली, खेळाडूंना द्यायला पैसे जुळवून. २०३१ ला दार उघडलं आणि आपण तेव्हा २-१० असू तर २०१२ चीच कथा. पाच वर्षांचा तो खर्च किती आणि कोण देणार, हे विद्यापीठाने हार्टफर्डला विधिमंडळापुढे येऊन सांगावं. मला तरी अजून कुठे दिसलेलं नाही.

स्टॉर्सची_आई

+१. आणि त्या कागदात सॉफ्टबॉलचा रकानाही असू द्या.